हेगमध्ये वार लावून

गेल्या अंकात आम्ही बाल्कनीत वाळत घातलेल्या कुरडया आणि त्यांच्यावर बरसलेला डच पाऊस यांची कहाणी सांगितली होती. ती वाचून रोटरडॅमच्या एका भगिनींनी आम्हांला डबाभर कुरडया पाठवल्या. पावल्या, तळल्या, संपल्या! या वेळचा विषय जरा जड आहे. पण त्याची सुरुवातही जेवणापासूनच होते, तेव्हा लगेच पान उलटू नका.

प्रसंग २०२३ सालच्या ऑगस्टमधला. मंगळवेढ्याजवळच्या एका खेड्यातून आम्हांला फोन आला. आमच्या आत्येबहिणीच्या शाळेतली एक हुशार मुलगी कायदा शिकून वकील झाली होती. तिला इथे हेगमधल्या एका आंतरराष्ट्रीय न्यायालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती. फोनवर तिचे वडील होते. ज्वारी आणि करडई पिकवणारा माणूस, बोलणे एकदम रोखठोक.

“पगार किती देत्यात, दादा?”

“पगार नाही हो.”

“बरं, ऱ्हायला खोली?”

“ती ज्याची त्यानं शोधायची.”

“मग जेवान तरी?”

“तेही नाही.”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, “हे कोर्ट हाय तरी कुनाचं?”

आम्ही म्हटलं, “साऱ्या जगाचं.”

“आन् साऱ्या जगाला मिळून एका पोरीला जेवाय घालनं हुईना व्हय?”

आम्हांला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर अजूनही सुचलेले नाही. म्हणून तर हा लेख.

आधी हेगबद्दल थोडे. इथले लोक त्याला डेन हाग म्हणतात, आणि आपल्यापैकी बरेच जण त्याला वकिलातीचे आणि स्खेवनिंगनच्या समुद्राचे गाव म्हणून ओळखतात. पण मराठी माणसाचा या गावाशी संबंध आपण इथे येण्याच्या फार आधीचा आहे. सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात मोरिया बोटीतून उडी मारली, हे आपण शाळेत शिकलो. त्या उडीचा तंटा पुढे हेगमध्ये चालला, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. फ्रेंच पोलिसाने किनाऱ्यावर त्यांना पकडून पुन्हा बोटीवरच्या इंग्रजांच्या हवाली केले होते. आमच्या भूमीवर पकडलेला माणूस असा परस्पर नेता येत नाही, म्हणून फ्रान्सने त्यांना परत मागितले. दोन्ही सरकारे हेगच्या स्थायी लवाद न्यायालयापुढे गेली. २४ फेब्रुवारी १९११ रोजी पाच जणांच्या लवादाने निकाल दिला, की हवाली करताना चूक झाली हे खरे, पण इंग्लंडवर त्यांना परत करण्याचे बंधन नाही. लवाद बसण्याआधीच मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या. आज पोस्टकार्डावर दिसतो तो शांतिप्रासाद तेव्हा बांधूनही झाला नव्हता. तो उघडला १९१३ साली.

त्याच शांतिप्रासादात १७ जुलै २०१९ रोजी कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणाचा निकाल लागला. त्या दिवशी आम्ही दोघे एक नंबरच्या ट्रामने तिथे गेलो होतो आणि फाटकाबाहेर गर्दीत उभे होतो. जाधव सांगलीत जन्मलेले, आणि भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे नागपूरचे. साळव्यांनी फी घेतली एक रुपया. पंधरा विरुद्ध एक मताने न्यायालयाने सांगितले, की पाकिस्तानने जाधवांना भारताच्या वकिलातीशी भेटू न देऊन व्हिएन्ना कराराचा भंग केला आहे आणि फाशीच्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे. फाशी थांबली, सुटका मात्र झालेली नाही.

ही दोन्ही प्रकरणे राष्ट्रा-राष्ट्रांतली होती. माणूस मध्ये, वादी-प्रतिवादी सरकारे. शांतिप्रासादातले आंतरराष्ट्रीय न्यायालय हे असे राष्ट्रांचे कोर्ट आहे. माणसांवर खटला चालवणारे कोर्ट वेगळे, आणि आपली मंडळी या दोहोंत हमखास गल्लत करतात. युगोस्लाव्हियासाठीचे न्यायाधिकरण संयुक्त राष्ट्रांनी १९९३ साली हेगला स्थापन केले. त्याने एकूण १६१ जणांवर आरोप ठेवले आणि २०१७ च्या अखेरीस काम संपवले. इथे राहणाऱ्याला त्यातले एक नाव चुकवता येत नाही, ते म्हणजे स्रेब्रेनिका. जुलै १९९५ मध्ये तिथे डच शांतिसैनिक असताना आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुले मारली गेली. त्यावरच्या अहवालानंतर २००२ साली इथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तेव्हा हा विषय आमच्या डच शेजाऱ्यांनाही परका नाही.

आणि तिसरे, सध्या बातम्यांत असणारे, ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. त्याचा करार रोममध्ये १७ जुलै १९९८ रोजी झाला (पुन्हा १७ जुलैच!), काम २००२ पासून सुरू. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे असले खटले तिथे चालतात. इमारत स्खेवनिंगनजवळच्या वाळूच्या टेकड्यांना लागून आहे. फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये याच न्यायालयाच्या वॉरंटवर पकडून हेगला आणले गेले. सव्वाशेच्या आसपास देश त्याचे सदस्य आहेत. भारत नाही. रोममध्ये १२० देशांनी बाजूने मत दिले, ७ विरुद्ध गेले आणि २१ तटस्थ राहिले, त्या तटस्थांत भारत होता. सुरक्षा समितीला या न्यायालयात इतके अधिकार का, आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत का नाही, असे आपले आक्षेप होते. ते बरोबर की चूक, हा वाद मंडळाच्या कोजागरीला घालू. इथे मुद्दा एवढाच, की या तटस्थपणाची झळ मुलांना कशी लागते.

कशी, ते सांगतो. अशा न्यायालयांत दरवर्षी कितीतरी तरुण मुले इंटर्न म्हणून येतात. मुदत तीन ते सहा महिने. काम काय, तर जुने निकाल शोधणे, साक्षींच्या शेकडो पानांचा गोषवारा काढणे, एखाद्या कायदेशीर प्रश्नावर टिपण करणे, पीडितांचे अर्ज लावणे. कोणी न्यायाधीशांच्या कचेरीत, कोणी सरकारी वकिलांकडे, कोणी आरोपीच्या वकिलांकडे. गुप्ततेची शपथ असते. घरी येऊन काही बोलायचे नाही. यातल्या बहुतेक जागा बिनपगारी. फौजदारी न्यायालयात काही जागांना निधीतून पैसे मिळतात, पण तो निधी सदस्य-देशांपैकी विकसनशील देशांतल्या मुलांसाठी. भारत गरजूंच्या यादीत बसेल हो, पण सदस्यांच्या यादीत नाही!

आमची धाकटी लायडनला कायदा शिकते. पासपोर्ट डच. उद्या तिला अशी इंटर्नशिप मिळाली तर ती इथूनच सायकलवरून जाईल, संध्याकाळी घरी येऊन आमच्याच फ्रिजमध्ये डोके घालील, आणि तो बिनपगारी काळ तिला कळणारसुद्धा नाही. पुढे नोकरी निघाली तर सदस्य-देशाची नागरिक म्हणून अर्ज करता येईल. मंगळवेढ्याच्या मुलीला यातले काहीच नाही. तिने हेगमध्ये पाहिलेली एकही खोली महिना सातशे युरोंच्या खाली नव्हती.

म्हणून आम्ही आमची माळ्यावरची खोली तिला दिली. उतरते छप्पर, उभे राहताना डोके सांभाळावे लागते, पण खिडकीतून कालवा दिसतो. सप्टेंबरात ती आली. बॅगेत कपडे कमी आणि ज्वारीचे पीठ, शेंगांची चटणी जास्त. पहिल्या दिवशी तिने भाकरी भाजली आणि आमचा धुराचा अलार्म असा कोकलला, की शेजारच्या आजी स्लिपरांवर धावत आल्या. जेवायचे विचारले तर म्हणाली, “नको काकू, मी करून खाते. राहायला दिलंत तेच खूप झालं.” आम्हांला वाटले, मुलगी स्वाभिमानी आहे, आग्रह नको.

ऑक्टोबरात कळले, की ती दोन्ही वेळा पाव आणि चटणी खाते आणि ट्रामचे पैसे वाचवायला पाऊण-पाऊण तास चालत जाते. आम्हांला आमचीच लाज वाटली. आग्रह नको म्हणताना आम्ही स्वतःची सोय पाहिली होती, दुसरे काय!

तेव्हा आमच्याकडे आलेल्या राईस्वाईकच्या आजी म्हणाल्या, “अरे, मग वार लावा ना!”

तरुण वाचकांसाठी सांगतो. पूर्वी खेड्यातला गरीब मुलगा शिकायला पुण्याला आला, की आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचा. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. याला म्हणायचे वार लावून जेवणे. आजींचे वडील असेच शिकले. या रीतीला नुसते गोंजारूनही चालणार नाही, कारण ती ठराविक जातींच्या मुलांपुरतीच होती. बाकीच्यांना त्या सात घरांची दारे बंदच. त्यांच्यासाठी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली आणि त्या मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. आपल्याला वार लावायचे तर ते साताऱ्याच्या पंगतीसारखे, एवढे ठरवून आम्ही फोन करायला बसलो.

अर्ध्या तासात आठवडा भरला. सोमवार राईस्वाईकच्या आजी, मंगळवार डेल्फ्ट, बुधवार फोरबुर्ग, गुरुवार झूटरमेर. शुक्रवार पॉल क्रुगरलानजवळच्या एका सुरिनामी हिंदुस्तानी कुटुंबाने स्वतःहून मागून घेतला. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा मजूर म्हणून बोटीत बसून गेलेले. “परदेशात पोट कसं भरतं ते आम्हांला ठाऊक आहे,” म्हणाले. शनिवार-रविवार आमच्याकडे. आमच्या डच शेजीबाईंनी तिला जुनी सायकल दिली. मुलीची समजूत पटवायला मात्र वेळ लागला. “हे उपकार मी फेडू कधी?” असे ती पुन्हा पुन्हा विचारी. आजींनी तिला सुनावले, “माझ्या वडिलांना जेवू घालणाऱ्या सात घरांचं मी अजून फेडलेलं नाही. तू माझी सोय करतेयस, समजलं? बस पानावर.”

नोव्हेंबरात एका रात्री ती खाली आली ती बॅग भरूनच. घरून फोन आला होता. विमानाच्या तिकिटासाठी वडिलांनी दुभती म्हैस विकली होती, आणि तिला ते आता कळले होते. “मी परत जाते. तिथं म्हैस गेली, आणि मी इथं फुकट कागद वाचतेय.” आम्ही पिठलं-भात वाढला. ती जेवेना. मग हळूहळू बोलती झाली. स्वतःच्या प्रकरणातले ती काही सांगू शकत नव्हती, सांगितलेही नाही. पण जाहीर सुनावण्यांच्या प्रती कुणालाही वाचता येतात, त्यांतले तिने सांगितले.

म्हणाली, “काकू, साक्षीदार बहुतेक शेतकरी, गुराखी. वकील त्यांना विचारतात, किती वाजता? किती मीटरवर? तारीख कुठली? त्यांना नाही सांगता येत. मग साक्ष कच्ची ठरते. माझ्याबरोबरचे सगळे हुशार आहेत, पण त्यांना वाटतं हा माणूस टाळतोय. अहो, माझी आजी वेळ घड्याळात कधी सांगते? गुरं परतायच्या वक्ताला म्हणते. चुलत्यांचं वय विचारलं तर बहात्तरच्या दुष्काळात रांगत होता म्हणते. ती खोटं बोलते का?”

आम्ही गप्प झालो. नंतर शोधले तेव्हा कळले, की ही नुसती तिची भावना नव्हती. नॅन्सी कोम्ब्स या अमेरिकन प्राध्यापिकेने २०१० साली याच विषयावर एक पुस्तक लिहिले. रवांडा, सिएरा लिओन वगैरे ठिकाणच्या खटल्यांतल्या साक्षी तपासून त्यांनी दाखवले, की तारखा, अंतरे, संख्या यांच्या प्रश्नांवर साक्षीदार वारंवार अडतात. शिक्षण, भाषा, दुभाषी, चालीरीती, सगळ्याचा त्यात हात असतो. फौजदारी न्यायालयाचा पहिला निकाल २०१२ सालचा, काँगोच्या तॉमा लुबांगाचा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लढाईत जुंपले म्हणून त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यातही मुलांची वये नक्की करणे हा मोठाच प्रश्न होता. जिथे जन्माचा दाखलाच नाही, तिथे चौदा की पंधरा हे ठरवायचे कसे?

आता पाहा, अशा साक्षी वाचणाऱ्यांत ज्याच्या आजीने वेळ गुरांवरून सांगितली असा कुणीतरी असायला हवा की नको? आणि फुकट काम करणे परवडते कुणाला? ज्यांच्या घरी घड्याळेही भरपूर आणि पैसाही, त्यांना. आमची तक्रार नुसती गरीब मुलीवरच्या अन्यायाची नाही. अशी मुले दारातून परत गेली तर तोटा कोर्टाचा होतो, आणि कोर्टापेक्षाही त्या साक्षीदाराचा.

आम्ही तिला एवढेच म्हटले, “तू गेलीस तर तुझ्या टेबलावर कोण बसेल?” तिने बॅग वर नेली. फेब्रुवारीअखेर काम पुरे करून परत गेली. आता ती सोलापूरला एका वकीलबाईंच्या हाताखाली काम करते. तिथेही ज्युनिअरला सुरुवातीला काय मिळते ते न विचारलेले बरे! भारतीय वकील परिषदेने २०२४ च्या ऑक्टोबरात ज्युनिअरला शहरात महिना वीस हजार आणि खेड्यात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केली आहे, पण शिफारसच ती. म्हैस काही परत आलेली नाही. ही गोष्ट गोड शेवटाची करायचा मोह आम्ही आवरतो.

यावर खरा इलाज एकच, की ज्याने काम करवून घ्यावे त्याने पोटापुरते द्यावे. ते अशक्य नाही. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून इंटर्नना भत्ता देते. शांतिप्रासादातल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दहा महिन्यांची फेलोशिप असते. तिचा खर्च पूर्वी मुलाच्या विद्यापीठाने करायचा, म्हणजे पुन्हा श्रीमंत विद्यापीठांचीच मुले यायची. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विकसनशील देशांतल्या विद्यापीठांच्या मुलांसाठी त्याचा वेगळा निधी काढायला मंजुरी दिली. भारतातल्या मुलांनी हा रस्ता जरूर पाहावा. अर्ज मात्र विद्यापीठामार्फत जातो.

तोवर आपण काय करायचे? आपल्या भाच्या-पुतण्यांपैकी कुणी विचारले तर त्यांना खरे सांगा. यातून नोकरी मिळेलच असे नाही, भारतीय पासपोर्टवर तर शक्यता थोडीच. इंग्रजी उत्तम हवे, फ्रेंच आले तर सोन्याहून पिवळे. अर्जाला ही न्यायालये फी घेत नाहीत. कुणी एजंट पैसे मागू लागला तर सरळ फोन ठेवा. आणि येण्याआधी खर्चाचा हिशेब कागदावर मांडून घरच्यांना दाखवा, म्हणजे म्हैस विकल्याचे नोव्हेंबरात कळणार नाही.

ज्यांना खोली देता येईल त्यांनी आधी आपला भाडेकरार किंवा गृहकर्जाचा करार वाचावा, पाहुणा चालतो का ते पाहावे. चार महिन्यांहून जास्त मुक्काम असेल तर नगरपालिकेतल्या नोंदीचे आणि विम्याचे आधी विचारून घ्यावे. हौसेने केलेल्या कामात कायद्याची खोट नको, विशेषतः पाहुणा वकील असताना! ज्यांना खोली देता येत नाही त्यांनी एक वार द्यावा. एका संध्याकाळी एक पान जास्त, एवढाच खर्च.

आम्ही एक वही केली आहे. पहिल्या पानावर सात वार लिहिले आहेत. सोमवारी आजींचे नाव आहेच, पंच्याऐंशी वर्षांच्या असूनही त्या हटायला तयार नाहीत. शनिवार-रविवार आमचे. शुक्रवारही पक्का. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार मात्र सध्या रिकामे आहेत, कारण डेल्फ्टचे कुटुंब भारतात परतले, फोरबुर्गकरांना नातू झाला आणि झूटरमेरकर आता आइंडहोव्हनला राहतात. येत्या सप्टेंबरात नांदेडकडचा एक मुलगा येतो आहे. तो काय खातो ते आम्ही विचारलेले नाही. तुम्हीही विचारू नका, जे असेल ते वाढा.

गणपतीत भेटू तेव्हा वही बरोबर आणतो. पेनही आणतो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.